एकतीस टूल्स, एक फॉर्म आणि अकरा आठवडे

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. आयटी विभागाचा मेल आला. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, तुमचा लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकत नाही, नवा मिळेल, जुना ३० सप्टेंबरपर्यंत जमा करावा. इथपर्यंत आनंदच होता. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीतला, आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे ही वेळ येणार हे माहीत होतं, नव्या यंत्राची हावही होती. पण मेलच्या तळाशी आणखी दोन ओळी होत्या. नव्या लॅपटॉपवर ॲडमिन हक्क, म्हणजे हवं ते बसवायची-बदलायची मुभा, मिळणार नाहीत. आणि लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरची यादी सोबतच्या फॉर्ममध्ये भरून मंजूर करून घ्यावी.

आठ वर्षं त्या यंत्रावर माझंच राज्य होतं. हवं ते उतरवलं, वाटेल तिथे टाकलं, विसरून गेले. घर सोडायच्या वेळी माळ्यावरचं सामान खाली काढल्यावर जी गत होते, ती पुढचे अकरा आठवडे माझी झाली. कुठे अडलं, कुठे उगाच वेळ गेला, ते क्रमाने लिहिते. ज्यांच्यावर ही वेळ यायची आहे त्यांना तेवढाच आधार. खिशातून पैसा एकही गेला नाही. वेळ मात्र मी मोजला होता, तो चव्वेचाळीस तास भरला.

फॉर्म म्हणजे सहा रकान्यांची स्प्रेडशीट. नाव, आवृत्ती, कोणी बनवलं, लायसन्स कोणतं, कशासाठी लागतं, आणि मंजूर यादीतलं दुसरं का चालणार नाही. सगळ्यात छळणारा रकाना शेवटचा. खरं उत्तर बहुतेक वेळा "हाताला सवय झालीये" एवढंच असतं आणि ते तिथे लिहिता येत नाही.

यादी काढणं सोपं वाटलं होतं. विंडोजच्या विंगेटला, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडला, 'लिस्ट' म्हटलं की बसवलेलं सगळं दाखवतं. मी म्हटलं, त्याने १४३ ओळी दाखवल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त रनटाइम, ड्रायव्हर आणि दुसऱ्या कशाच्या तरी मागून आलेले पाहुणे. आणि जे मी रोज वापरते त्यातलं बरंच काही त्यात नव्हतंच. चालू प्रोग्राम तपासायचं प्रोसेस एक्सप्लोरर नाही, दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं पुट्टी नाही, फायलींतला मजकूर शोधायचं रिपग्रेप नाही. कारण ही सगळी नुसती एका फोल्डरात ठेवलेली एक्झी, म्हणजे थेट चालणाऱ्या फायली. ती 'बसवलेली' कधी नव्हतीच. तुम्ही यादी करायला बसाल तेव्हा विंगेटवर विसंबू नका, आपला तो 'टूल्स' किंवा 'बिन' नावाचा फोल्डर वेगळा उघडून बघा.

मग एक बरी युक्ती सुचली. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लाइनमध्ये आपण टाइप केलेली प्रत्येक कमांड एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली जाते. ॲपडेटाच्या पोटात पीएसरीडलाइन नावाच्या फोल्डरात ती असते. माझ्याकडे कित्येक वर्षांची साठली होती. दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहून प्रत्येक ओळीचा पहिला शब्द मोजला. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट पहिलं येणार हे ठरलेलंच. दुसरा क्रमांक फोल्डर बदलण्याच्या 'सीडी'चा, म्हणजे मी नुसती येरझारा घालत होते. तिसरं रिपग्रेप. डेटाबेसचं कमांड लाइन टूल आपण 'नेहमी' वापरतो अशी माझी ठाम समजूत होती. ते सहा वेळा सापडलं. माणसाला स्वतःच्या कामाबद्दल काय वाटतं आणि हात प्रत्यक्षात काय करतात यांत इतकं अंतर असेल असं वाटलं नव्हतं.

त्याच फाइलमध्ये २०२१ सालचा एका टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड उघडानागडा बसलेला सापडला. घाईत कमांडच्या शेपटीला लावला असणार. ती फाइल नव्या यंत्रावर नेण्याआधी एकदा चाळून घ्या, आणि असा पासवर्ड सापडला तर नुसती ओळ खोडून भागत नाही, पासवर्डच बदला.

कमांडऐवजी खिडकी उघडून वापरायच्या टूल्सची मात्र अशी नोंद कुठे होत नाही. त्यासाठी तीन दिवस टेबलावर कागद ठेवला आणि जे उघडेन त्याच्यापुढे रेघ मारत गेले. सगळं गोळा करून ११ ऑगस्टला एकतीस नावांचा फॉर्म पाठवला. उत्तर आलं १९ तारखेला. चौदा मंजूर, नऊंवर प्रश्न, आठ नामंजूर.

मंजूर झालेल्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. गिट, व्हीएस कोड हा एडिटर, सेव्हन-झिप, नोटपॅड प्लस प्लस, विनमर्ज, डीबीव्हर, पासवर्ड सांभाळणारं कीपासएक्ससी, विंडोजला जादा सोयी देणारं पॉवरटॉइज ही नावं बहुधा सगळ्यांच्याच यादीत असावीत. मजा प्रश्नांमध्ये होती. दुसऱ्या दिवशी आयटीतल्या एका तरुण मुलाचा फोन आला.

"मॅडम, लायसन्सच्या रकान्यात तुम्ही अकरा ठिकाणी नुसतं 'फ्री' लिहिलंय. म्हणजे कसलं फ्री?"

"फ्री म्हणजे फ्री. पैसे पडत नाहीत."

"तसं नाही चालत मॅडम. मोफत की मुक्त?"

मी गप्पच झाले. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला हा प्रश्न मराठीत कोणी विचारला नव्हता, आणि मराठीत तो किती सरळ आहे! सेव्हन-झिप, गिट, कीपासएक्ससी ही मुक्त. सोर्स कोड उघडा आहे, जीपीएलसारख्या लायसन्सखाली कुठेही वापरा. सिसइंटर्नल्सची टूल्स (प्रोसेस एक्सप्लोरर त्यातलंच) मोफत, पण मुक्त नाहीत. ती २००६पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहेत. तिसरी जात 'घरच्या वापराला मोफत', म्हणजे ऑफिसात उघडलं की लायसन्स मोडलं. आणि चौथी जात विनरारची, फायली दाबून बांधणाऱ्या टूलची. चाळीस दिवसांची चाचणी, जी चाळीस दिवस संपल्यावरही चालूच राहते. माझी चाचणी २०१७पासून चालली होती. हे फोनवर कबूल करताना आवाज आपोआप खाली गेला. विंडोज ११ आता रार फायली स्वतःच उघडतं आणि नाहीतर सेव्हन-झिप आहेच, त्यामुळे ते नाव मी तिथल्या तिथे काढून टाकलं.

विम या टेक्स्ट एडिटरच्या ओळीवर तो अडला. लायसन्सच्या रकान्यात मी 'चॅरिटीवेअर' लिहिलं होतं. त्याला वाटलं, टायपो आहे. मग ब्राम मूलेनारची गोष्ट सांगावी लागली. १९९१मध्ये त्याने विम पहिल्यांदा बाहेर आणलं, बदल्यात एवढंच मागितलं की आवडलं तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा. रिकामं विम उघडलं की ती ओळ आजही पडद्यावर येते. ब्राम ३ ऑगस्ट २०२३ला गेला. फोनवर दोन क्षण शांतता. मग पलीकडून, "मॅडम, ते जीपीएलशी जुळतं का तेवढं लिहा." जुळतं. शिवाय विंडोजच्या गिटबरोबर विम येतंच, वेगळ्या मंजुरीची गरजच नव्हती. हे मला आधी सुचलं असतं तर त्याचा वेळ वाचला असता.

डॉकर डेस्कटॉप, प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवायचं टूल, नामंजूर झालं ते लायसन्सपायी. ३१ ऑगस्ट २०२१ला त्यांनी नियम बदलले: २५०पेक्षा कमी माणसं आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपन्यांना फुकट, बाकीच्यांना वर्गणी. आमची कंपनी या रेषेच्या बरीच पलीकडे, आणि मी चार वर्षं त्या बदलाकडे काणाडोळा करून जुनीच आवृत्ती चालवत होते. तोडगा मात्र सोपा निघाला. पैसे लागतात ते डेस्कटॉप नावाच्या वेष्टनाला. आतलं डॉकर इंजिन अपाची लायसन्सखाली मुक्तच आहे. डब्ल्यूएसएलच्या, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या, लिनक्समध्ये ते सरळ बसतं आणि तिथे सुडो, म्हणजे तिथला ॲडमिन हक्क, आपल्या हातात असतो, त्यामुळे विंडोजचे ॲडमिन हक्क लागत नाहीत. खिडकीतली बटणं गेली. पहिले दोन दिवस हात चाचपडले, मग विसरले.

रिपग्रेपवरचा प्रश्न वेगळा होता. 'कोणी बनवलं' या रकान्यात कंपनीचं नाव नाही, अँड्र्यू गॅलंट या एका माणसाचं. सुरक्षा विभागाने लिहिलं, एकट्याने सांभाळलेलं सॉफ्टवेअर ही जोखीम आहे. आधी राग आला. मग आठवलं, मार्च २०२४मध्ये फायली दाबायच्या एक्सझेड युटिल्स या टूलचं काय झालं. दमलेल्या एकट्या सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावून कोणीतरी त्यात मागचं दार बसवलं होतं, आणि आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचं सुरक्षित लॉगिन, अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय हे खटकलं म्हणून ते उघडकीला आलं. त्यामुळे त्यांचा मुद्दा मी नाकारला नाही. एवढंच लिहिलं की तुम्ही मंजूर केलेल्या व्हीएस कोडमधला शोध आतून रिपग्रेपच चालवतो. ते आधीच घरात आहे. चार दिवसांत मंजुरी आली. ज्यांनी ते कधी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी एक सूचना: गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, लिहिलेल्या आणि लपवलेल्या फायली ते मुळात बघतच नाही. "सापडत नाही" म्हणजे "नाहीच" असं समजून मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

आता पुट्टी. यात मी अक्षरशः घाबरले. फॉर्मवर मी आवृत्ती लिहिली होती ०.७६. उत्तरात लाल अक्षरांत: ही आवृत्ती ताबडतोब बंद करा, आणि सर्व्हरवर लॉगिन करायची तुमची किल्ली कोणत्या प्रकारची आहे ते कळवा. एप्रिल २०२४मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की पुट्टीच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांमध्ये पी-५२१ प्रकारच्या किल्लीने सही करताना जो गुप्त आकडा निवडला जातो, त्याचे पहिले ९ बिट कायम शून्य असतात. साठेक सह्या हाती लागल्या की त्यांवरून खासगी किल्ली काढता येते. ०.८१मध्ये दुरुस्ती झाली, पण दुरुस्त आवृत्ती घेऊन जुनी किल्ली सुधारत नाही. ती गेलीच म्हणायची.

माझी किल्ली? पी-५२१. आकडा मोठा तेवढी किल्ली मजबूत, असं समजून २०१९मध्ये मीच मुद्दाम निवडलेली.

त्या रात्री झोप लागली नाही. बातमी येऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि मला पत्ता नव्हता, कारण फोल्डरात ठेवलेली एक्झी स्वतःहून काही सांगत नाही. सकाळी एड२५५१९ प्रकारची नवी किल्ली केली आणि अकरा सर्व्हरवरची जुनी काढून नवी लावायला निघाले. ज्यांवर मला हात घालता येत होता अशा सहांचं काम तासाभरात झालं. बाकी पाचांसाठी पाच तिकिटं, पाच मालक. एका सर्व्हरच्या मालकाने दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडली होती. तिकीट त्याच्या रिकाम्या नावावर तीन दिवस पडून राहिलं. मग मॅनेजरांना मध्ये घातलं. सगळं मिळून नऊ दिवस. सर्व्हरच्या नोंदी तपासल्या, भलत्या ठिकाणाहून कोणी शिरल्याचं दिसलं नाही. पुट्टी मी मग मागितलंच नाही. ओपनएसएसएच विंडोजमध्ये आता आधीपासून असतं आणि माझ्या कामाला ते पुरतं. विनएससीपी, फाइलझिला किंवा टॉर्टॉइसगिट वापरणाऱ्यांनीही एकदा आवृत्ती बघून घ्या, त्यांच्या जुन्या आवृत्त्यांच्या पोटात हाच कोड होता.

१ सप्टेंबरला नवा लॅपटॉप हातात आला. ताब्याच्या पावतीवर सही, चार्जरच्या क्रमांकाची वेगळी सही. मंजूर टूल्स कंपनीच्या पोर्टलवरून एकेका क्लिकने बसली. हे मान्य करायला हवं की एवढं सुरळीत मला माझ्या हाताने कधी जमलं नव्हतं. २ तारखेला जुन्या यंत्रावरची कामाची फोल्डरं नेटवर्कवरून ओढून घेतली, त्यात 'जुनं डेस्कटॉप' नावाचं एक अगडबंब फोल्डरही न बघताच आलं. डब्ल्यूएसएल मात्र सुरूच होईना. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळातल्या सेटिंगांत, व्हर्च्युअलायझेशन (यंत्राच्या आत दुसरं यंत्र चालवायची सोय) बंद होतं आणि बायोसचा पासवर्ड आयटीकडे. तिकीट टाकलं, तीन दिवसांनी माणूस आला, दोन मिनिटांत काम करून गेला. लॅपटॉप घेताना तिथेच उभं राहून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल्ड' दिसतंय का बघितलं असतं, तर ते तीन दिवस वाचले असते.

५ सप्टेंबरचा शुक्रवार आणखी वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. प्रोजेक्ट क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवली, डब्ल्यूएसएलमधून गिटला विचारलं काय बदललंय, तर उत्तर: सगळंच. शेकडो फायली बदललेल्या, आणि मी एकालाही हात लावलेला नाही. शेल स्क्रिप्ट चालवली तर ती वाचून चालवणारा इंटरप्रिटर सापडत नाही अशी तक्रार, आणि त्याच्या नावाच्या शेपटीला एक परका ^एम चिकटलेला. ओळखीचा आजार, पण निदान व्हायला दोन तास लागले. ओळ संपल्याची खूण विंडोजवर दोन अक्षरांची असते, लिनक्सवर एकच. टेलिप्रिंटरच्या काळात गाडी डावीकडे न्यायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, या दोन वेगळ्या हालचाली होत्या. ते जुनं ओझं विंडोज अजून वाहतंय. पोर्टलवरून बसलेलं गिट फायली उतरवताना विंडोजच्या खुणा घालत होतं, आणि लिनक्समधलं गिट त्या बघून दचकत होतं. जुन्या यंत्रावर ही सेटिंग मी २०१७मध्ये कधीतरी बदललेली होती आणि साफ विसरले होते. आता यंत्रावर भिस्त न ठेवता प्रोजेक्टमध्येच गिटॲट्रिब्यूट्सची फाइल टाकली: शेल स्क्रिप्ट कुठेही उतरल्या तरी एकाच अक्षराने संपतील. हे टीममधल्या सगळ्यांसाठीच बरं झालं. आणि प्रोजेक्ट विंडोजच्या डिस्कवरून उचलून लिनक्सच्या स्वतःच्या फाइल सिस्टिममध्ये ठेवला, कारण डब्ल्यूएसएल २मधून सी ड्राइव्हवर जा-ये करणं भलतंच संथ असतं. बिल्डचा वेळ निम्म्यावर आला.

एडिटरचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. व्हीएस कोड बसलं, पण ते माझं नव्हतं. सेटिंग्ज सिंकसाठी गिटहब किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि नव्या धोरणात खासगी खात्याने लॉगिन करायला मनाई. मग हातानेच: ॲपडेटाच्या रोमिंगमधलं यूजर फोल्डर उचललं, त्यात सेटिंग्ज, कीबाइंडिंग्ज, स्निपेट्स सगळं असतं. एक्स्टेन्शन्सची, म्हणजे एडिटरला लावलेल्या जोडण्यांची, यादी 'कोड' या कमांडला 'लिस्ट-एक्स्टेन्शन्स' म्हटलं की मिळते. माझी चौसष्ट निघाली. सुरक्षा विभागाचं म्हणणं होतं की प्रत्येक एक्स्टेन्शन एडिटरच्या हक्कांनिशी चालतं, म्हणून प्रत्येकाचं कारण द्या. चौसष्ट कारणं लिहिण्यापेक्षा मी रिकाम्या एडिटरवर काम सुरू केलं आणि अडेल तेव्हाच एकेक मागितलं. महिनाभरात सतरांवर थांबले. त्या सत्तेचाळिसांची आठवण एकदाही झाली नाही. दोन तर अशी होती की त्यांचं काम एडिटर कधीचा स्वतःच करायला लागला होता.

नामंजूर आठांपैकी आणखी दोन सांगण्यासारखी. एक, एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) तपासायचं टूल, नाव घेत नाही. त्याने माझ्या नकळत सगळ्या रिक्वेस्ट, प्रवेशाच्या टोकनांसकट, स्वतःच्या क्लाउडवर नेऊन ठेवल्या होत्या. ते गेलं ते बरंच झालं. आता रिक्वेस्ट साध्या टेक्स्ट फायलींत कर्ल या कमांडच्या रूपात लिहिते, उत्तर जेक्यू या टूलमधून गाळून बघते, आणि त्या फायली प्रोजेक्टबरोबर गिटमध्येच राहतात. टोकन फाइलमध्ये कधीच नाही, ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये.

दुसरं ऑटोहॉटकी, कळांना हवी ती कामं लावून देणारं. हे मनाला लागलं. २१२ ओळींची स्क्रिप्ट, आठ वर्षांत एकेक ओळ जमवत वाढवलेली. कॅप्स लॉकचं एस्केप, दोन अक्षरं टाइप केली की आजची तारीख, एका कळीवर टर्मिनल. हरकत अशी की कळा पकडणाऱ्या स्क्रिप्टवर अँटिव्हायरस भुंकतो. मी दोनदा अपील केलं. दुसऱ्या वेळी आयटीतल्या त्याच मुलाने सुचवलं, "मॅडम, पॉवरटॉइज मंजूर आहे. त्यात काय काय होतं ते आधी बघा ना." बघितलं. कळा बदलणं त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरने झालं. खिडक्यांची मांडणी फॅन्सीझोन्सने, माझ्या स्क्रिप्टपेक्षा कितीतरी नीट. फाइल कोणत्या प्रोग्रामने अडवून ठेवली आहे हे शोधायला मी प्रोसेस एक्सप्लोरर उघडायचे. ते पॉवरटॉइजच्या फाइल लॉकस्मिथमध्ये उजव्या क्लिकवर मिळतं. तारखेचं तेवढं एडिटरच्या स्निपेटवर भागवलं, मेलमध्ये ती सोय गेली. २१२ ओळींपैकी साधारण ७० तर बंद पडलेल्या प्रोजेक्टांच्या होत्या.

प्रोग्राम कोणत्या फायलींना हात लावतो ते दाखवणाऱ्या प्रोसेस मॉनिटरसाठी मात्र पर्याय नव्हता. ते ड्रायव्हर घालतं, ॲडमिनशिवाय उघडतच नाही. तडजोड अशी झाली की लागेल तेव्हा तिकीट टाकायचं आणि चार तासांपुरते हक्क मिळतील. महिन्यातून एकदा लागतं, चालतंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. जुना लॅपटॉप जमा करायला चार दिवस. शेवटचं काम म्हणून पासवर्डांचा डेटाबेस नव्या यंत्रावर आणला. इतके दिवस पासवर्ड बघायला जुनाच उघडत होते. कीपासएक्ससीत फाइल उघडली, मुख्य पासवर्ड टाकला. चुकीची माहिती, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा टाकला. कॅप्स लॉक बघितलं, जे आता एस्केप होतं. कीबोर्डचा लेआउट बघितला. नोटपॅडमध्ये पासवर्ड डोळ्यांसमोर टाइप करून बघितला, मग घाईघाईने खोडला. सात वेळा तेच उत्तर. फाइल नेताना बिघडली म्हणून पुन्हा कॉपी केली. तेच. पोटात खड्डा पडला.

शेवटी जुनं यंत्र शेजारी ठेवून दोन्ही खिडक्या एकमेकींच्या बाजूला लावल्या तेव्हा दिसलं. जुन्यावर पासवर्डाच्या खाली आणखी एक रकाना आपोआप भरलेला होता: की फाइल. पासवर्ड आणि ती फाइल, दोन्ही मिळून कुलूप उघडतं. कधीतरी मीच, हुशारी म्हणून, एका स्कॅन केलेल्या चित्राला की फाइल केलं होतं; कीपासएक्ससी तिचा पत्ता लक्षात ठेवत आलं आणि मी मोकळी झाले. चित्र होतं डी ड्राइव्हवरच्या 'स्कॅन' फोल्डरात, जे कचरा समजून मी नेलंच नव्हतं. चार दिवसांनी तो डिस्क पुसला जाणार होता, आणि त्याबरोबर दोनशेच्या वर पासवर्ड.

चित्र आणलं, कुलूप उघडलं. त्याच संध्याकाळी त्या जागी नवी, फक्त त्याच कामासाठी बनवलेली की फाइल केली आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. तुम्ही की फाइल वापरत असाल तर आज एकदा दुसऱ्याच यंत्रावर डेटाबेस उघडून बघा. स्वतःच्या यंत्रावर उघडतो यावरून काहीच कळत नाही.

नंतरचे दोन दिवस आणखी काय लपलंय ते शोधण्यात गेले. होस्ट्स फाइलमध्ये (सर्व्हरांची नावं-पत्ते असतात ती) मी घातलेल्या सहा ओळी. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. टास्क शेड्युलरमध्ये दर सोमवारी चालणारी एक स्क्रिप्ट, जिच्या अहवालाची वाट दुसरी टीम बघत असते. गिटची ग्लोबल कॉन्फिग आणि त्यातले माझे आखूड शब्द. टूल्स पुन्हा उतरवता येतात. ही सगळी माझ्या हातची होती आणि कुठल्याच फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. आता त्या एका गिट रिपॉझिटरीत आहेत, पासवर्ड आणि किल्ल्या वगळून.

३० तारखेला लॅपटॉप जमा केला. तीन सह्या, एक माझी की यात खासगी काही उरलेलं नाही. चार्जरचा क्रमांक जुळेना, कारण आठ वर्षांत तो शेजारच्या टेबलवाल्याशी कधीतरी बदलला गेला होता. त्यात अर्धा तास.

एकच तिकीट उघडं राहिलं होतं, एव्हरीथिंगचं. फायली नावाने शोधायचं ते टूल. विंडोजच्या डिस्कवरच्या फायलींची (एनटीएफएसची) मुख्य सूची थेट वाचतं, म्हणून टाइप करता करता उत्तर पुढ्यात. पण ती सूची वाचायला ॲडमिन हक्क किंवा पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस लागते, शिवाय त्यात शोध नेटवर्कवर खुला करायची सोयही आहे. सुरक्षा विभागाचा जीव त्यावर अडकला होता. 'पुनरावलोकन सुरू' हे शब्द मी दोन महिने वाचले. १७ ऑक्टोबरला मंजुरी आली: सर्व्हिस आयटी बसवणार, आणि नेटवर्कच्या सोयी नसलेली लाइट आवृत्तीच वापरायची.

दुपारी बसवलं. सवयीने काहीतरी शोधायचं म्हणून त्या स्कॅन केलेल्या चित्राचं नाव टाइप केलं. दोन ओळी आल्या. एक मी २६ सप्टेंबरला घाबरत आणलेली. दुसरी 'जुनं डेस्कटॉप'मध्ये, २०२२च्या एका बॅकअपच्या आत, नव्या यंत्रावर आल्याची तारीख २ सप्टेंबर.